जहाज जाळतात ते लर्विकला, वोलिनला नाही

दरवर्षी जानेवारी संपत आला की मला तोच व्हिडिओ येतो. काळोख, शेकडो मशाली, ढाली-कुऱ्हाडी घेतलेले दाढीवाले आणि मधोमध धडधडून पेटलेलं जहाज. सोबत प्रश्न, "तू ऑगस्टमध्ये पोलंडला जातोस ते हेच ना?" नाही, ते हे नाही. हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या लर्विक गावाचा अप हेली आ नावाचा आगीचा सण. मी जातो वोलिनच्या स्लाव आणि वायकिंग फेस्टिवलला आणि तिथे कुणी जहाज जाळत नाही. दोन्हीकडची माणसं वायकिंग दिसतात एवढ्यावरून दोन्ही एकच म्हणायचं, हे आता बास झालं.

किरकोळ फरक आधी उरकून टाकतो. लर्विकचा मान जानेवारीतल्या शेवटच्या मंगळवारचा, हवा कितीही बिघडली तरी पुढे ढकलत नाहीत. वोलिनचा मुहूर्त ऑगस्टच्या सुरुवातीला, तंबू ठोकून काही दिवस मुक्काम. शिंगवाली हेल्मेटं वायकिंगांची नाहीतच, ती 1876 साली जर्मनीतल्या एका ऑपेराच्या कपडेपटातून लोकांच्या डोक्यात बसली, विषय संपला.

खरी गल्लत होते ती पुराव्याच्या बाबतीत. वोलिनला, किंवा डेन्मार्कमध्ये मोस्गोरला जो मेळावा 1977 पासून भरतोय तिथे, म्हणजे जिथे जिथे रीएनॅक्टमेंट (हजारेक वर्षांपूर्वीचं वायकिंग जगणं हुबेहूब उभं करणं) चालते तिथे, अंगावरच्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला जातो: हे कुठे सापडलं आणि कुठल्या काळातलं आहे? अंगरखा लोकरीचा किंवा लिननचा, दिसणारी शिवण हाताची, मशीनची टीप दिसली की लगेच कुणीतरी बोट दाखवतं. तंबूच्या कोरीव फळ्या बघून लोकांना वाटतं हौसेची सजावट आहे, पण त्या नॉर्वेत 1904 मध्ये उकरलेल्या ओसेबर्गच्या जहाजात मिळालेल्या तंबूच्या लाकडांवरून केलेल्या असतात. निळा रंग वोड नावाच्या झाडापासून काढतात, आणि आपल्याला गंमत वाटेल पण त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच, झाडं मात्र वेगळी.

आणि नुसतं "सापडलंय" एवढं म्हणून भागत नाही, इथेच माझं डोकं फिरतं. स्वीडनमध्ये बिर्का इथे पट्ट्या-पट्ट्यांच्या चिलखताचे तुकडे मिळाले, ते बहुधा पूर्वेकडून आलेले, आणि त्या एका जोरावर रणांगणात रांगच्या रांग तसलं चिलखत घालून उभी राहते, कारण ते फोटोत भारी दिसतं आणि कड्यांच्या चिलखतापेक्षा लवकर तयार होतं. एका ठिकाणची दुर्मिळ वस्तू सगळ्या सैन्याला चढवली की प्रत्येक तुकडा अस्सल असूनही चित्र खोटं होतं. मला त्यापेक्षा साधी ढाल, एक भाला आणि अंगात जाड लोकर घातलेला माणूस शंभर पटीने खरा वाटतो.

आता हाच प्रश्न लर्विकला विचारला तर तो लागूच पडत नाही. आमच्याच रीएनॅक्टमेंटवाल्यांपैकी काहीजण यार्ल स्क्वॉडच्या, म्हणजे लर्विकच्या मिरवणुकीतल्या मुख्य पथकाच्या, हेल्मेटवरचे पंख बघून हसतात तेव्हा मला खरंच राग येतो. ती दहाव्या शतकाची चुकलेली नक्कल नाही. लर्विकमध्ये आधी सणाच्या दिवसांत पोरं पेटती डांबराची पिंपं रस्त्यातून ओढायची, ते 1870 च्या दशकात बंद पाडलं, मग मशालींची मिरवणूक आली आणि 1889 मध्ये जहाज. म्हणजे ही गावाची स्वतःची, एकोणिसाव्या शतकात घडलेली परंपरा आहे. शेटलंड 1469 पर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होतं, त्या आठवणीतून वायकिंग रूप आलं. वायकिंग पोशाख फक्त यार्ल स्क्वॉडचा, दरवर्षी नवा, नव्या डिझाइनचा. बाकी स्क्वॉड वाट्टेल ती सोंगं घेतात. मशालवाले हजाराच्या आसपास. कमिटीत निवडून आलेल्या माणसाला गाइझर यार्ल, म्हणजे त्या वर्षीच्या सणाचा प्रमुख, व्हायला 15 वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे इथे अस्सलपणा मोजायचाच असेल तर तो गावाच्या रीतीवर मोजा, थडग्यातल्या वस्तूंवर नको. आणि रीत बदलतेही: बायका-मुलींना लर्विकच्या स्क्वॉडमध्ये जागा 2023 पासून मिळाली, ती फार आधी मिळायला हवी होती असं माझं ठाम मत.

जहाज जाळण्याचं कोडं पण याच गल्लतीतलं. "वायकिंग मेलेल्या सरदाराला जळत्या जहाजातून समुद्रात सोडायचे, लर्विकला तेच करतात," असं लोक ठोकून देतात. पण अरब प्रवासी इब्न फदलानने 922 च्या सुमारास व्होल्गाकाठी रूस लोकांचा, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या वायकिंगांचा, जो अंत्यविधी पाहिला त्यात जहाज काठावर ओढून, जमिनीवरच जाळलं होतं. ओसेबर्गचं तर जाळलंच नाही, 834 मध्ये अख्खंच्या अख्खं पुरलं. लर्विकचं जहाज कुणाच्या अंत्यविधीचं नाहीच, कित्येक महिने खपून गावकऱ्यांनी बांधलेलं असतं आणि मैदानात मशाली त्याच्यावर फेकल्या की मिरवणूक संपते, पुढे रात्रभर स्क्वॉड एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये नाचत फिरतात.

वोलिनला जाणार असाल तर लढाई बघाच, पण त्याआधी सकाळी छावणीत जा, माणसं चुली पेटवत असतात, कुणी शिंगाचे कंगवे करवतीने कापत असतो, त्याच्याशेजारी बसा आणि तो नमुना कुठल्या उत्खननातला आहे ते विचारा. अर्धा तास तरी उठू देणार नाही तो.