अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजिस्टचं शिक्षण ग्रँटवर: अर्ज नेमका कुठे अडकतो

भारतातून मानसशास्त्रात बी.ए. किंवा एम.ए. करून अमेरिकेत स्थायिक झालेल्या बऱ्याच जणींना (जणांनाही) स्कूल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे शाळेतले मानसतज्ज्ञ, व्हायची ही वाट आवडते. तिथल्या स्कूल सायकॉलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस ५०० विद्यार्थ्यांमागे एकाची. प्रत्यक्षात देशाची सरासरी हजाराच्या पुढे. ही तूट भरायला गरजू वस्त्यांतल्या शाळांसाठी केंद्रीय ग्रँट (सरकारी अनुदान) निघतात. २०२२ च्या कायद्यात शाळांतल्या मानसिक आरोग्यासाठी १ अब्ज डॉलर ठेवले होते.

ग्रँट तुम्हाला मिळत नाही, विद्यापीठाला किंवा शाळा-डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळांच्या मंडळाला) मिळते; त्यातून निवडक विद्यार्थ्यांना फी-स्टायपेंडची मदत होते. तेव्हा सरकारी साइटवर फॉर्म शोधू नका. एड.एस.ला (स्कूल सायकॉलॉजिस्टची पदवी; साधारण ३ वर्षं, शेवटचं इंटर्नशिपचं) नेहमीसारखा अर्ज करायचा आणि ग्रँटच्या जागा आहेत का, हे विभागाला वेगळं विचारायचं.

पात्रतेत पहिली ठेच व्हिसाची. अपंग मुलांच्या शिक्षणासाठीच्या केंद्रीय शिष्यवृत्तीत नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, असा नियमच आहे. इतर ग्रँटमध्येही ही अट सर्रास दिसते. एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) काम करायची परवानगी आहे म्हणून चालेल, असं धरून चालू नका. फी भरायच्या आधी ईमेलने विचारा.

आता कागदपत्रं. निबंध, शिफारसपत्रं, रेझ्युमे यांत फार कुणी अडकत नाही. अडकतात ते ट्रान्स्क्रिप्टमध्ये (गुणपत्रिकांमध्ये). भारतीय गुणांचं अमेरिकन पद्धतीने मूल्यांकन करून द्यावं लागतं, ते विषयवार करून घ्या. नुसतं पदवीचं घेतलं तर सरासरी गुण निघत नाहीत आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. त्यात नावाचा घोळ. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. समजा तिथे ‘कुलकर्णी स्नेहा वसंत’ आहे आणि पासपोर्टवर ‘स्नेहा अनिकेत जोशी’. पलीकडच्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात आणि फाइल बाजूला पडते. लग्नाचा नोंदणी दाखला लागतो. पत्रिका, हॉलची पावती, फोटो काही चालत नाही. नोंदणी केलीच नसेल तर आजच घरी फोन करा. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा.

मुदत. १२/०१ म्हणजे १ डिसेंबर, १२ जानेवारी नव्हे! अमेरिकेत महिना आधी लिहितात, आणि दरवर्षी कुणीतरी निवांत बसलेलं असतं. शिवाय ग्रँटच्या जागांची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधीच संपलेली असू शकते.

निवड झाली की करारपत्र येतं. आनंदाच्या भरात लगेच सही ठोकू नका. वर सांगितलेल्या शिष्यवृत्तीत मदतीच्या प्रत्येक वर्षामागे २ वर्षं सेवा, नाहीतर पैसे परत. काही ग्रँटमध्ये ठरावीक डिस्ट्रिक्टमध्येच नोकरी करावी लागते. घराजवळची नावाजलेली शाळा त्यात बसेलच असं नाही. जोडीदाराची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली तर काय, हे आधीच विचारा.

आणखी एक. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने चालू असलेल्या अनेक ग्रँट पुढे न देण्याचं कळवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मधल्यामध्ये विद्यार्थी लटकले, त्याचं कुणाला काय! म्हणून दुसऱ्या वर्षाचा स्टायपेंड आला नाही तर फी कोण भरणार, याचं उत्तर विभागाकडून लेखी घ्या. तोंडी ‘डोन्ट वरी’ला काही अर्थ नाही.

बाकी बोटांचे ठसे, १२०० तासांची इंटर्नशिप (किमान ६०० शाळेत) आणि प्रॅक्सिस ५४०३ ही स्कूल सायकॉलॉजिस्टची परीक्षा, हे सगळं प्रवेशानंतर विभागच सांगतो.