ज्यांचा वर्गच नसतो, त्यांचे मूल्यमापन

वॉशिंग्टन शहरातल्या सरकारी शाळांमध्ये २००९ साली ‘इम्पॅक्ट’ नावाची मूल्यमापन पद्धत सुरू झाली. मिशेल ऱ्ही तेव्हा तिथल्या शाळांच्या प्रमुख होत्या. शाळेतल्या प्रत्येक पदाला या पद्धतीत कुठल्या ना कुठल्या गटात बसवले होते. शिक्षक तर होतेच, शिवाय समुपदेशक, ग्रंथपाल, स्पीच थेरपिस्ट, ऑफिसातले लेखनिक आणि साफसफाई करणारे कर्मचारीही होते. सुरुवातीला या सगळ्यांच्या गुणांतला पाच टक्के वाटा शाळेतली मुले गणित आणि वाचनाच्या परीक्षेत किती पुढे सरकली यावर ठरायचा. जिने पुसणाऱ्या माणसाचा वार्षिक शेरा मुलांच्या अपूर्णांकांवर कसा अवलंबून असू शकतो, हा प्रश्न कोणालाही पडेल. पण समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, नर्स किंवा ग्रंथपाल यांच्या बाबतीत हाच प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षे घोळतो आहे, आणि त्याचे मूळ मूल्यमापनाच्या शास्त्रापेक्षा पैशाच्या वाटांमध्ये जास्त सापडते. हे तज्ज्ञ शाळेत आले ते दरवेळी कुठल्या तरी एका गरजेपोटी, एका निधीतून. ज्या कारणासाठी पैसा आला, तेच त्यांच्या कामाचे माप होऊन बसले. पुढे काम बदलले, वाढले, तरी माप तेच राहिले.

सुरुवात मात्र चांगली झाली होती. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून शाळांत डॉक्टर तपासणीला येत असत. खुपऱ्या, खरूज, नायटा, डोक्यात उवा असे काही आढळले की मुलाच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला घरी धाडत. घरी नुसती चिठ्ठीच पोचायची. दाटीवाटीच्या चाळींत राहणाऱ्या, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या कुटुंबांना त्या चिठ्ठीचे काय करायचे ते कळत नसे. उपचार होत नसत, मूल आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर राही, आणि ज्या वर्गमित्रांना लागण होऊ नये म्हणून त्याला बाहेर काढले त्यांच्याबरोबरच संध्याकाळी रस्त्यावर खेळत असे. ऑक्टोबर १९०२ मध्ये हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या गरीब वस्तीत काम करणाऱ्या सेवासंस्थेच्या लिलियन वाल्ड यांनी आपल्याकडची लीना रॉजर्स ही नर्स महिनाभरासाठी उसनी दिली. तिला चार शाळा सोपवल्या होत्या. ती शाळेतच मलमपट्टी करी, मग घरोघरी जाऊन आईला औषध कसे लावायचे ते दाखवी. प्रयोग महिनाभराचा होता, पण शहराने लगेच आणखी नर्स नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये शहरात १०,५६७ मुलांना आजारामुळे शाळेतून घरी पाठवले गेले होते. सप्टेंबर १९०३ मध्ये हा आकडा १,१०१ वर आला.

शाळेतल्या बिगरशिक्षक तज्ज्ञाच्या कामाचे इतके लख्ख मूल्यमापन नंतर क्वचितच झाले असेल. याचे कारण साधे आहे. मूल बरे करून वर्गात परत आणायचे हेच काम होते, आणि किती मुले वर्गाबाहेर राहिली हाच आकडा होता. दोन्हींच्या मध्ये काही शिरत नव्हते. पुढे आलेल्या तज्ज्ञांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

मानसशास्त्रज्ञांचा इतिहास थोडक्यात असा. लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, शाळेत अडखळणाऱ्या मुलांसाठी दवाखाना काढला. १९१५ मध्ये कनेक्टिकट राज्याने आर्नल्ड गेसेल यांना ‘शालेय मानसशास्त्रज्ञ’ या पदावर नेमले. समुपदेशकांचा उगम व्यवसाय मार्गदर्शनात आहे. जेसी डेव्हिस या मुख्याध्यापकांनी ग्रँड रॅपिड्समध्ये १९०७ च्या सुमारास इंग्रजीच्या तासातच ते सुरू केले आणि पुढच्याच वर्षी फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये त्यासाठी स्वतंत्र कचेरी उघडली. दोन्ही व्यवसाय बरीच वर्षे लहानसेच राहिले, आणि त्यांच्या कामाची मोजदाद करायची गरज कोणाला वाटली नाही.

मग स्पुटनिक आले. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा उपग्रह आकाशात गेला आणि वर्षाच्या आत, सप्टेंबर १९५८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. या कायद्याच्या पाचव्या भागात शाळांतल्या चाचण्या, मार्गदर्शन आणि समुपदेशकांचे प्रशिक्षण यांसाठी निधी होता. हुशार मुले हेरायची, त्यांना विज्ञान-गणिताकडे वळवायचे आणि कॉलेजात पोचवायचे, असा त्यामागचा हेतू होता. समुपदेशकांची संख्या झपाट्याने वाढली, आणि किती मुले कॉलेजात गेली हे त्यांच्या कामाचे अघोषित माप ठरले. ज्या मुलाचे वडील घर सोडून गेले आहेत आणि जे महिनाभर कोणाशी बोललेले नाही, ते मूल या मापात कुठेच बसत नव्हते. त्यात रिकामा दिसणारा माणूस मुख्याध्यापकांना नेहमीच सोयीचा असतो. वेळापत्रक लावणे, परीक्षांचे गठ्ठे सांभाळणे, जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये उभे राहणे अशी कामे समुपदेशकाच्या गळ्यात पडत गेली. ती नेटकी केली की शेराही चांगला मिळे.

१९७५ च्या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याने दुसरी लाट आणली. प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण देणे बंधनकारक झाले. त्यासाठी आधी त्याची तपासणी करायची, लेखी वैयक्तिक योजना आखायची आणि दर तीन वर्षांनी फेरतपासणी करायची. मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट मोठ्या संख्येने शाळांत आले. कायदा होता, त्यामुळे मुदती आल्या, मुदती हुकल्या तर कोर्टाची भीती आली, आणि मानसशास्त्रज्ञाचे चांगले काम म्हणजे अहवाल वेळेत पूर्ण करणे असे समीकरण जमले. या मंडळींनी स्वतःच आपल्या कामाचे वर्णन वैतागाने ‘मूल पाठवा, चाचणी घ्या, वर्ग ठरवा’ असे करायला सुरुवात केली.

स्पीच थेरपिस्टचा दिवस कसा असतो ते पाहिले की अडचण नीट कळते. ती बहुतेक वेळा एकाहून अधिक शाळांत फिरते. स्वतंत्र खोली असेलच असे नाही, ग्रंथालयाचा कोपरा किंवा जुनी भांडारखोली मिळते. सात-आठ वर्षांची दोन मुले वर्गातून उठून तिच्याकडे येतात, अर्धा तास बसतात. एकाच्या योजनेत लिहिलेले असते की बोलताना ‘र’चा उच्चार ऐंशी टक्के वेळा बरोबर यावा. ती चित्रांचे पत्ते मांडते, मुलगा शब्द म्हणतो, ती कागदावर अधिक-उण्याच्या खुणा करत जाते. आता निरीक्षणाला आलेले मुख्याध्यापक हातात शिक्षकांसाठी छापलेला तक्ता घेऊन बसले आहेत. धड्याचा उद्देश फळ्यावर लिहिला आहे का, विद्यार्थ्यांना गटात चर्चा करू दिली का, विचारप्रवर्तक प्रश्न विचारले का, असे त्यात रकाने आहेत. खोलीत फळाच नाही. आणि तिने ठेवलेल्या अधिक-उण्याच्या खुणांचा कागद, जो तिच्या कामाचा खरा पुरावा आहे, त्याला तक्त्यात जागा नाही. समुपदेशकाच्या बाबतीत तर निरीक्षणच अवघड असते. रडणाऱ्या मुलीसमोर तिसरा माणूस वही घेऊन बसला, तर ज्याचे निरीक्षण करायचे ते कामच थांबते.

जेम्स स्ट्राँज आणि व्हर्जिनिया हेल्म यांनी १९९१ मध्ये शाळेतल्या अशा व्यावसायिकांच्या मूल्यमापनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. प्रत्येक पदाचे काम आधी नीट लिहून काढा, मग निकष ठरवा, आणि केवळ निरीक्षणावर विसंबू नका, असा त्याचा रोख होता. आज हे उघड वाटते. तेव्हा बहुतेक ठिकाणी सगळ्यांना एकच कागद चालत होता.

आपल्याकडे कागद आजही फारसा वेगळा नाही, पण त्यामागचा नियम पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत पंधरावा नियम गोपनीय अहवालाचा आहे. शिक्षक असो, ग्रंथपाल असो की प्रयोगशाळा सहायक, अहवाल मुख्याध्यापकांनी दरवर्षी लिहायचा. प्रतिकूल शेरा असेल तर तो ऑगस्टअखेर कर्मचाऱ्याला लेखी कळवायचा. अहवाल लिहिलाच नाही किंवा शेरा कळवलाच नाही, तर त्या काळातले काम समाधानकारक होते असे धरायचे. हा नियम ढिलाईचा वाटू शकतो. मला तो बराच शहाणपणाचा वाटतो, कारण दोष दाखवायचा तर तो कोणीतरी स्वतःच्या सहीने लिहावा लागतो. अमेरिकेत यानंतर जे झाले ते नेमके उलट होते. कोणी काही लिहायची गरजच उरली नाही, रकाना आपोआप भरला जाऊ लागला.

त्याआधी थोडा आशेचा काळ येऊन गेला. शार्लट डॅनियलसन यांचा शिक्षकांच्या मूल्यमापनाचा चार विभागांचा आराखडा १९९६ पासून लोकप्रिय होता. त्याच्या २००७ च्या आवृत्तीत समुपदेशक, ग्रंथपाल, नर्स, मानसशास्त्रज्ञ आणि थेरपिस्ट यांच्यासाठी वेगवेगळे तक्ते दिले गेले. वर्गाच्या जागी सेवा आली, धड्याच्या जागी कार्यक्रमाचे नियोजन आले. समुपदेशकांच्या संघटनेने २००३ मध्ये आपला राष्ट्रीय आराखडा काढला आणि ऐंशी टक्के वेळ विद्यार्थ्यांसाठी गेला पाहिजे असा आग्रह धरला. कँटीनमधल्या पहाऱ्याला हे उशिरा का होईना, दिलेले उत्तर होते. मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये दहा कार्यक्षेत्रे मांडली, त्यांत चाचण्या हा केवळ एक भाग होता.

पण तोवर वारे फिरले होते. २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा आणली होती, म्हणजे आकडे हाताशी होते. २००९ मध्ये ओबामा सरकारने ‘रेस टू द टॉप’ ही ४.३५ अब्ज डॉलरची स्पर्धा जाहीर केली. ज्या राज्यांना पैसे हवेत त्यांनी विद्यार्थ्यांच्या प्रगतीला मूल्यमापनात मोठा वाटा द्यावा, अशी अपेक्षा होती. मंदीत तिजोऱ्या रिकाम्या होत्या, त्यामुळे राज्यांनी कायदे बदलण्याची घाई केली.

मार्च २०१० मध्ये पहिल्या फेरीत दोनच राज्ये जिंकली, डेलावेअर आणि टेनेसी. टेनेसीने मूल्यमापनाचा अर्धा भाग विद्यार्थ्यांच्या निकालाला दिला, त्यातला पस्तीस टक्के प्रगतीच्या आकड्याला आणि पंधरा टक्के इतर निकालाला. पण राज्यातले निम्म्याहून अधिक शिक्षक असे विषय किंवा इयत्ता शिकवत होते की ज्यांची राज्य परीक्षाच नव्हती. बालवाडी, चित्रकला, संगीत, व्यायाम हे सगळे त्यात आले, आणि ग्रंथपाल व समुपदेशक तर वर्गच नसल्याने त्यांच्या पंक्तीला बसले. त्यांना सरसकट संपूर्ण शाळेचा आकडा लावण्यात आला. उरलेल्या पंधरा टक्क्यांसाठी कुठल्या परीक्षेचा निकाल आपल्या नावावर धरायचा ते निवडता येत असे. साहजिकच लोक अंदाज बांधू लागले की यंदा कुठला विषय चांगला जाईल. मूल्यमापनाच्या नावाखाली लोकांना मटका खेळायला लावणे म्हणतात ते हेच.

फ्लोरिडात मार्च २०११ मध्ये झालेल्या कायद्यानेही पन्नास टक्क्यांचा दंडक घातला. तिथल्या कायद्यात ‘शैक्षणिक कर्मचारी’ या व्याख्येतच समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, मानसशास्त्रज्ञ आणि ग्रंथपाल येतात, त्यामुळे पळवाट नव्हती. २०१३ मध्ये काही शिक्षक कोर्टात गेले. त्यांच्यातल्या एका शिक्षिकेच्या मूल्यमापनात चक्क दुसऱ्या शाळेतल्या, तिने कधीही न शिकवलेल्या मुलांचे गुण धरले होते. मे २०१४ मध्ये न्यायाधीश मार्क वॉकर यांनी ही पद्धत अन्यायकारक असल्याचे निकालपत्रात मान्य केले, आणि तरीही ती घटनाबाह्य ठरवता येत नाही म्हणून दावा फेटाळला. पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. दरम्यान विधिमंडळाने २०१३ मध्येच दुरुस्ती करून न शिकवलेल्या मुलांचे गुण धरायला मनाई केली आणि २०१५ मध्ये पन्नासचा वाटा एक तृतीयांशावर आणला.

एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने मुलांच्या गुणांवरून शिक्षकाचे काम मोजणाऱ्या या आकड्यांबद्दल निवेदन काढले. मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी एक ते चौदा टक्केच शिक्षकांमुळे असतो, असे बहुतेक अभ्यास सांगतात, हे त्यातले वाक्य गाजले. वर्गावरच्या शिक्षकाची ही कथा. मग नर्सच्या वाट्याला त्यातला कितवा हिस्सा येतो याचे गणित कोणी मांडायच्या भानगडीत पडले नाही.

१० डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्याने केंद्राचा हात मागे घेतला. शिक्षकांचे मूल्यमापन कसे करावे हे राज्यांना सांगण्याचा अधिकार शिक्षणमंत्र्यांना राहिला नाही. मूल्यमापनात मुलांच्या प्रगतीचा आकडा सक्तीचा असलेली राज्ये २०१५ मध्ये ४३ होती, २०१९ मध्ये ३४ उरली. पुढे २०२१ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी दशकभरातल्या या सुधारणांचा राज्यवार हिशेब मांडला, तेव्हा मुलांच्या शिक्षणावर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

आता बऱ्याच राज्यांत ग्रंथपाल, समुपदेशक, थेरपिस्ट यांच्यासाठी वेगळे तक्ते आहेत. सही मात्र बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांचीच असते, आणि मुख्याध्यापक पूर्वी शिक्षक असतात. बुद्धिमापन चाचणी नीट घेतली गेली की नाही, निष्कर्ष बरोबर काढला की नाही, हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञांची संघटना हजेरी, वक्तशीरपणा, पालकांशी वागणूक एवढे मुख्याध्यापकांनी पाहावे आणि व्यावसायिक कौशल्याची पारख त्याच क्षेत्रातल्या अनुभवी माणसाने करावी असा आग्रह धरते. मोठ्या शहरांत ते जमते. ज्या ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात, तीन शाळांना मिळून एकच मानसशास्त्रज्ञ आहे, तिथे पारख करायला दुसरा आणायचा कुठून? समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा असे सांगते. २०२२-२३ मध्ये देशाची सरासरी ३८५ होती. पहिल्या श्रेणीत बसायला प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर वैयक्तिक लक्ष असावे असे ज्या तक्त्यात छापलेले असते, त्यात हा आकडा लिहायला रकाना नसतो.