हक्ककार्याचा निधी : संघर्षग्रस्त देश आणि बेळगाव सीमाभाग

युद्ध, यादवी, लष्करी राजवट किंवा वर्षानुवर्षे चिघळलेला वाद असलेल्या प्रदेशात वकील, पत्रकार, शिक्षक आणि नागरी संघटना जे काम करतात, त्यासाठी लागणाऱ्या पैशाला हक्ककार्याचा निधी म्हणता येईल. अटक झालेल्यांचा जामीन, अत्याचारांच्या नोंदी, अल्पसंख्याकांच्या भाषेतली शाळा हे सारे यात येते. बेळगाव सीमाभाग युद्धग्रस्त नाही. तशी बरोबरी लावणे अतिशयोक्तीचे होईल. पण पैसा कोणाचा, हिशेब कोणाला द्यायचा आणि पैसा आल्यावर चळवळ कोणाची उरते, हे प्रश्न सुदानच्या खार्टूममध्ये पडतात तसे सीमाभागातल्या खानापुरातही पडतात.

छळग्रस्तांसाठी संयुक्त राष्ट्रांचा स्वेच्छा निधी १९८१ पासून आहे. त्यांचाच लोकशाही निधी २००५ मध्ये आणि शांतता-उभारणी निधी २००६ मध्ये आला. याखेरीज युरोपीय संघ, निरनिराळी सरकारे आणि खासगी प्रतिष्ठाने पैसा देतात. मोठ्या देणगीदारांनी २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत ठरवले, की २०२० पर्यंत मानवतावादी मदतीचा किमान २५ टक्के वाटा स्थानिक संघटनांच्या हाती शक्य तितका थेट द्यायचा. प्रत्यक्षात थेट मिळणारा वाटा एक आकडी टक्क्यांतच अडकला. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर वस्त्यावस्त्यांतल्या तरुणांनी आपत्कालीन कक्ष उभे केले आणि परदेशस्थ सुदानींच्या पैशावर सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. पुढे त्यांना अमेरिकी पैसाही मिळू लागला. २०२५ च्या सुरुवातीला तो थांबला आणि शेकडो चुली विझल्या. सरकारे दुसऱ्या बाजूने आवळतात. इथिओपियाच्या २००९ च्या कायद्याने १० टक्क्यांहून अधिक परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना मानवी हक्कांचे कामच मना केले. तो कायदा २०१९ मध्ये बदलला.

भारतात परदेशी देणगीवर १९७६ पासून कायद्याचे नियंत्रण आहे. सध्याचा कायदा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी नवी दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या शाखेतच उतरवावी लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीला पैसा पुढे देणे बंद झाले. मोठ्या शहरातल्या संस्थेकडून तालुक्यातल्या छोट्या गटाकडे येणारी वाट त्यामुळे बुजली. याच कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो ही साधने नेहमी वापरणाऱ्या संघटनांना राजकीय ठरवण्याची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये तिला मुरड घातली : राजकीय हेतू नसताना लोकांच्या प्रश्नासाठी बंद पुकारला, एवढ्यावरून संघटनेचा परदेशी निधी अडवता येणार नाही. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला याचा काडीचा उपयोग नाही. ती निवडणुका लढवते, आणि पक्षांना व उमेदवारांना परदेशी देणगी वर्ज्यच आहे.

सीमाभागातली चळवळ चालते वर्गणीवर. १ नोव्हेंबरचा काळा दिन असो, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन असो की १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावरचे अभिवादन, खर्च गल्लीतून उभा राहतो. पावतीपुस्तक फिरवणारी पोरे बहुधा गणेशोत्सव मंडळाचीच असतात, त्यामुळे कोणाच्या दारात किती सुटतील हे त्यांना ठाऊक असते. बाजारपेठेतला व्यापारी बंदच्या दिवशी शटर ओढतो, तेव्हा बुडालेला धंदा ही त्याची दुसरी वर्गणी. ती कुठल्या ताळेबंदात धरली जात नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी इथली ग्रामीण साहित्य संमेलनेही गावकऱ्यांच्याच जिवावर होतात.

या पैशाची सर्वांत नवलाची नोंद १९९६ ची आहे. त्या वर्षी बेळगाव लोकसभा मतदारसंघात तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. त्यांतले बहुतेक सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी अर्ज भरलेले. खुल्या गटाची अनामत तेव्हा अवघी ५०० रुपये होती. ती जप्त होणार हे अर्ज भरतानाच माहीत असल्याने, ५०० रुपयांत निषेध नोंदवण्याची ती सोय झाली. त्याच निवडणुकीत नळगोंड्यातही पाण्याच्या प्रश्नावरून असेच शेकडो अर्ज पडले होते. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत १०,००० रुपये करण्यात आली.

न्यायालयातला खर्च मात्र गल्लीच्या आवाक्याबाहेरचा. महाराष्ट्राने सीमाभागासाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घटनेच्या कलम १३१ खाली दाखल केलेला दावा राज्याच्या तिजोरीतून लढवला जातो. या कलमाखालचा वाद सरकारांमधलाच असतो, म्हणजे ज्यांच्या गावांसाठी भांडण आहे ते त्यात पक्षकारच नाहीत. मुंबईतली सरकारे बदलली की पाठपुराव्याचा जोर बदलतो, आणि त्यावर बेळगावकरांना विनंती अर्जापलीकडे काही करता येत नाही. मोर्च्यात पकडलेल्या कार्यकर्त्यांची वकीलपत्रे, तारखा आणि जामीन मुख्यतः स्थानिकांच्या खिशातून निघतात.

महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या मराठी संस्थांना आणि हुतात्म्यांच्या वारसांना मदत देते. कायद्याने हा परदेशी पैसा नव्हे. तरीही तो सरहद्द ओलांडून आलाच. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जाहीर हरकत घेतली. मदत घेणाऱ्याची निष्ठा तपासली जाते, हा जगभरच्या हक्ककार्याचा अनुभव इथे दोन राज्यांतच येतो.

सर्वांत उपाशी राहते ते कागदाचे काम. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाची सरकारी परिपत्रके त्यांच्या भाषेत द्यावीत, असे संरक्षण मान्य झालेले आहे. तक्रारीसाठी कलम ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत. त्यांचे एक प्रादेशिक कार्यालय बेळगावातच थाटले गेले होते. पण तक्रार टिकायला तालुकावार आकडे, परिपत्रकांच्या प्रती, माहिती अधिकाराचे अर्ज, कन्नड उत्तरांची भाषांतरे, अपिले आणि बंगळूरच्या खेपा लागतात. भगव्या पताकांना आणि लाऊडस्पीकरला वर्गणी मिळते, टायपिस्टच्या पगाराला कोणी पावती फाडत नाही. परदेशी देणगीदार ज्या नोंदकामाला हौसेने पैसा देतात, नेमके तेच सीमाभागात निवृत्त शिक्षक आणि चार-दोन वकील पदरमोड करून करतात.