दोन चेहरे, एक उजेड

नदीकाठच्या सपाट खडकावर ते दोघं बसले होते. लग्नाला ४० वर्षं झालेली. सूर्य त्यांच्या पाठीशी, मावळायला अर्धा तास. काकूंच्या सुटलेल्या बटांमधून ऊन झिरपत होतं आणि काकांच्या खांद्यावर सोनेरी कड उमटली होती. डोळ्यांना सगळं एकदम दिसत होतं: बटा, चेहरे, आकाश, पाण्यावरची चमक. पहिला फोटो काढला, तर आकाश जसंच्या तसं आलं आणि चेहरे काळे पडले. एक्स्पोजर वाढवून दुसरा काढला, तर चेहरे उजळले आणि आकाश पांढरंफटक झालं.

कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. आपला डोळा समोरचं दृश्य एका फटक्यात टिपतच नाही. तो सतत इकडून तिकडे फिरतो, जिथे टेकतो तिथल्या उजेडाशी जुळवून घेतो आणि त्या तुकड्यांचं अखंड चित्र मेंदू बनवतो. कॅमेऱ्याला अख्ख्या फ्रेमसाठी एकच माप असतं. आजचे चांगले सेन्सर १२ ते १४ स्टॉपचा फरक पकडू शकतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), पण अगदी तळाच्या स्टॉपमध्ये अडकलेला चेहरा नंतर ओढून वर आणला की त्वचेवर कण दिसतात आणि रंग मळतात. त्यापेक्षा तिथल्या तिथे चेहऱ्यांवर थोडा उजेड टाकणं बरं. तेवढ्यासाठी मी फ्लॅश आणि ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढे लावायची, उजेड पसरवणारी कापडी पेटी) बरोबर घेऊन जातो.

एकट्या माणसाचा फोटो असता तर इथेच काम संपलं असतं. जोडप्याच्या फोटोत खरी अडचण इथून पुढे सुरू होते.

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. खडकावर दोघांमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर असलं, तरी त्या लांबीपुढे ते शून्यच. दोघांच्या वाट्याला सारखंच ऊन येतं. फ्लॅशचं तसं नाही. एका बिंदूतून निघालेला प्रकाश दुप्पट अंतरावर पोचेपर्यंत चौपट जागेत पसरतो, म्हणून त्याची तीव्रता पाव उरते. सॉफ्टबॉक्स बाजूला उभा केला आणि तो एकीपासून १ मीटर व दुसऱ्यापासून दीड मीटर असला, तर दीडचा वर्ग सव्वादोन, म्हणजे जवळच्या चेहऱ्यावर सव्वादोन पट उजेड. हा फरक एका स्टॉपहून जास्त आहे. फोटो पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण एक माणूस पुढे आलेला आणि दुसरा मागे राहिलेला त्याला नक्की जाणवेल. सोबतीचा फोटो काढायचा आणि त्यात एकाला अंधारात ढकलायचं, हे मला अजिबात पटत नाही.

उपाय सोपा वाटतो: फ्लॅश लांब न्या. ३ मीटर आणि साडेतीन मीटर अंतरांवर तोच फरक जेमतेम १.३६ पट उरतो, अर्ध्या स्टॉपपेक्षाही कमी. पण लांब नेलं की दुसरंच काही हातातून निसटतं, ते म्हणजे उजेडाचा मऊपणा.

मऊ आणि कडक उजेड हा दिव्याच्या ताकदीचा प्रश्न नाही. चेहऱ्यावरून पाहिलं तर दिवा किती मोठा दिसतो, त्यावर ते ठरतं. सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर, तरी आकाशात तो अर्ध्या अंशाएवढाच दिसतो. म्हणून भर दुपारी नाकाची सावली कात्रीने कापल्यासारखी ओठांवर पडते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. त्याच सूर्यावर ढग आले की अख्खं आकाश दिवा बनतं. उजेड सगळ्या बाजूंनी नाकाला वळसा घालतो आणि सावलीची कड विरघळते. माझा ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स १ मीटरवर असताना साधारण ४८ अंश व्यापतो, ३ मीटरवर जेमतेम १७. शिवाय १ मीटरवर चेहऱ्याला मिळणारा उजेड ३ मीटरवर नवव्या हिश्शावर येतो, म्हणजे फ्लॅशला नऊपट जोर लावावा लागतो.

मऊ हवा तर जवळ या, सारखा हवा तर लांब जा. जोडप्यांच्या फोटोतली निम्मी मेहनत या दोन टोकांमधली जागा शोधण्यात जाते. काही वाटा आहेत. सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्याच्या थोडा वर, मधोमध आणला की दोन्ही चेहरे त्याच्यापासून सारख्या अंतरावर येतात, फक्त उजेड जरा सपाट पडतो. बाजूलाच ठेवायचा असेल तर त्याचं तोंड लांबच्या माणसाकडे वळवायचं. सॉफ्टबॉक्सच्या मध्यातून सर्वांत जास्त उजेड निघतो आणि कडेला तो कमी होत जातो. मधला जोर लांबच्याला मिळतो, कडेचा उजेड जवळच्याला, आणि अंतराने केलेली विषमता कोनाने भरून निघते. आमच्याकडे याला फेदर करणं म्हणतात. ही युक्ती पहिल्यांदा जमली, तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही चेहरे एका तेजाचे पाहून झालेला आनंद अजून आठवतो.

त्या संध्याकाळी मात्र आणखी एक गाठ होती. काकांचा शर्ट पांढरा शुभ्र, काकूंची साडी गडद निळी. पांढरं कापड अंगावर पडलेल्या उजेडातला बहुतेक भाग परत फेकतं आणि गडद कापड बहुतेक भाग गिळतं. सपाट जागा काकांच्या बाजूला होती म्हणून मी स्टँड तिकडे लावला होता. शर्ट जळून निघाला, त्यातली एकही चुणी दिसेना, आणि साडीचे काठ अंधारात गेले. मी म्हटलं, "काका, तुम्ही दोघं जागा बदलता का?" काका उठायला लागले, तर काकूंनी हात धरून त्यांना खाली बसवलं. "नको रे, त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. ते नेहमी माझ्या उजवीकडेच बसतात, म्हणजे डावा कान माझ्याकडे राहतो."

मग स्टँड उचलून काकूंच्या बाजूला नेला. तिथे सपाट जागा नव्हती, घोटाभर पाणी होतं. स्टँडचे पाय दगडांत रोवले, वर वाळूची पिशवी अडकवली आणि सॉफ्टबॉक्सचं तोंड किंचित काकांकडे फिरवलं. आता गडद साडी दिव्याजवळ आणि पांढरा शर्ट लांब. ज्या विषमतेशी मी इतका वेळ झगडत होतो, तीच कामाला आली. साडीचे काठ दिसले, शर्टाच्या चुण्या परत आल्या.

भर उन्हात पाठीमागचं दृश्य धूसर ठेवून हेच करायचं, तर शटर आडवं येतं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर १/१०० सेकंद हे उघड्या उन्हाचं जुनं माप. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि पाठीमागचं दृश्य धूसर. एफ/४ हवं असेल, तर तेवढ्याच उजेडासाठी शटर १/१६०० लागतं. पण बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे एकामागोमाग धावतात आणि १/२०० किंवा १/२५० च्या पुढे (हीच सिंकची मर्यादा) पूर्ण सेन्सर एका क्षणी उघडा नसतोच. फ्लॅश तेवढ्यात चमकला, तर फोटोत काळा पट्टा येतो. अशा वेळी लेन्सवर उजेड आठव्या हिश्शावर आणणारा एनडी फिल्टर लावला की १/१६०० चं काम १/२०० वर होतं. आणखी एक गोष्ट इथे कामाची आहे. फ्लॅशचा झोत बहुधा १/१००० सेकंदाच्या आत संपतो, म्हणून सिंकच्या मर्यादेत शटर कमीजास्त केल्याने फ्लॅशचा उजेड बदलत नाही, बदलतो फक्त आजूबाजूचा. आकाशाचा आणि चेहऱ्यांचा उजेड असा वेगवेगळा हाताळता येतो. झेनॉनच्या नळीतून विजेचा लोट सोडून मिळणाऱ्या या क्षणभराच्या झोताला १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या हॅरल्ड एजर्टन यांनी व्यवहारात आणलं. त्याआधी, १८८७ पासून, फोटोग्राफर मॅग्नेशियमची पूड पेटवायचे, धुरासकट.

एव्हाना सूर्य क्षितिजाला टेकला होता. तिथून येणारा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत हवेच्या ३० पटींहून जास्त जाड थरातून येतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात, म्हणून वाटेत निळा गळत जातो आणि आपल्यापर्यंत सोनं पोचतं. माझा फ्लॅश दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). तो तसाच मारला असता, तर सोनेरी केसांच्या मधोमध दोन निळसर चेहरे उमटले असते. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) चिकटवली आणि पुढचा उजेड मागच्याशी जुळला.

सूर्य गेल्यावर मी शटर १/६० वर आणलं, आकाशाची उरलेली निळाई आत येऊ दिली. काकू हळूच काहीतरी म्हणाल्या. काकांनी मान न वळवता डावा कान जरा त्यांच्याकडे झुकवला आणि हसले. फ्लॅश चमकला. पुन्हा चार्ज होताना त्याची बारीक शिट्टी पाण्यावरून ऐकू येत राहिली.