अहवालातली बाई आणि वावरातली बाई

मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल साधारण जुलै-ऑगस्टमध्ये भागधारकांच्या हाती पडतात. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या कपाशीत तेव्हा निंदणाची धांदल चालू असते. ज्या कापड कंपन्यांचा माल या वावरांतून सुरू होतो, त्यांच्या अहवालांत बाईचा उल्लेख हल्ली भरपूर असतो. मनुष्यबळाच्या तक्त्यात ती टक्केवारी म्हणून असते आणि सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चाच्या, रंगीत पानांवर लाभार्थी म्हणून. कापूस वेचणारी मजूर म्हणून मात्र ती सापडत नाही. हे कसं घडलं, ते गेल्या दीड दशकातल्या निर्णयांवरून समजतं.

त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपतो. नागपुरात १८७७ साली मोठी कापड गिरणी सुरू झाली. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेऱ्याला गिरण्या आल्या. मध्य प्रांतात प्रसूतीलाभाचा कायदा १९३० चा. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० पेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये ती मर्यादा ३० वर आणली गेली. हा सगळा हिशेब हजेरीपटावर आणि निरीक्षकाच्या दप्तरी राहिला. भागधारकांपुढच्या ताळेबंदात मजुरी ही एकच रक्कम असे. त्यातली बायांची किती, हे विचारायची रीत नव्हती.

ती रीत २०११ नंतर आली. त्या वर्षी केंद्राने उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१२ मध्ये शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० सूचीबद्ध कंपन्यांना त्यांवर आधारित अहवाल सक्तीचा केला, आणि कायम नोकरीत महिला किती, हा प्रश्न छापील नमुन्यात आला. २०१३ हे वर्ष तर तिहेरी ठरलं: नवा कंपनी कायदा, त्यातच सीएसआर आणि संचालक मंडळावर किमान एक महिला, शिवाय कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. महिला संचालकाच्या जागेवर कित्येक कंपन्यांनी प्रवर्तकांच्याच घरातल्या बायका बसवल्या. म्हणून २०१९ पासून पहिल्या ५०० आणि २०२० पासून पहिल्या १,००० कंपन्यांना स्वतंत्र महिला संचालकाची अट घालावी लागली.

पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा झाला. त्याचा नमुना खरोखर बारकाईचा आहे. कर्मचारी आणि कामगार वेगळे, कायम आणि इतर वेगळे, प्रत्येकात स्त्री-पुरुष वेगळे. मध्यक (मीडियन) वेतन, बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतलेल्यांचं प्रमाण, छळाच्या तक्रारी, हे सगळं त्यात भरावं लागतं. २०२३ मध्ये एकूण वेतनातला महिलांचा वाटाही आला. ज्या बाईचं नाव कंपनीच्या पगारपत्रकात आहे, तिच्यासाठी ही मोठी कमाई आहे, आणि ती कमी लेखण्याचं कारण नाही.

वेचणीची बाई त्या पत्रकात नाही. दिवाळीच्या आगेमागे सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होते आणि वेचणी लागते. सकाळी दहिवर असतानाच बाया वावरात उतरतात, कमरेला झोळी बांधून. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागतात. मजुरी किलोवर असते, त्यामुळे कापूस झोडपून फुटला असेल तर दिवस बरा जातो. शेवटच्या वेचणीत बोंडं विरळ होतात आणि किलोचा दर वाढवून मागावा लागतो. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो आणि शेतकऱ्याच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे किलो चढतात. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, एका गाठीत १७० किलो रुई असते. तेवढ्यासाठी साधारण पाच क्विंटल कापूस हातांनी वेचावा लागतो. पुढे सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यात कवडी, म्हणजे न फुललेला खराब कापूस, निवडायला पुन्हा बायाच असतात, हंगामापुरत्या, ठेकेदाराच्या हाताखाली.

या बायांपर्यंत अहवाल पोचण्याची एक वाट २०२३ मध्ये उघडली होती. नियामकाने पहिल्या २५० कंपन्यांना पुरवठादार आणि मोठे ग्राहक यांचीही माहिती द्यायला सांगितलं. खरेदीच्या आणि विक्रीच्या एकूण ७५ टक्के मूल्यात जे बसतील, ते सगळे मोजायचे. २०२४-२५ पासून माहिती द्या, किंवा का देत नाही ते सांगा, अशी ती तरतूद होती.

ती अमलात येण्याआधीच बदलली. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय झाला आणि मार्च २०२५ च्या परिपत्रकाने सूट आली: ज्या पुरवठादाराचा एकट्याचा वाटा खरेदीच्या २ टक्के किंवा जास्त आहे, तेवढेच धरा. तेही ऐच्छिक, आणि एक वर्ष उशिराने, २०२५-२६ पासून.

वाद आहे तो या २ टक्क्यांवर. उद्योगांचं म्हणणं असं की हजारो छोट्या पुरवठादारांकडून आकडे गोळा करणं खर्चाचं आहे आणि कागदांचा भार शेवटी लहान कारखान्यांवरच पडतो. वणी किंवा हिंगणघाटच्या जिनिंगवाल्याला विचारलं तर तोही हेच सांगेल, आणि त्याचं खोटं नाही. पण ज्या कंपनीची खरेदी हजारो कोटींची आहे, तिच्या हिशेबात एक जिनिंग २ टक्क्यांवर जायची कशी? कापसाची खरेदी मुळात शेकडो हातांत विखुरलेली असते. अशा धंद्यात प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजायचा ठरवलं की अख्खा कापूसपट्टा गणितानेच बाहेर पडतो. ७५ टक्क्यांची जुनी अट जिनिंगच्या फाटकापर्यंतच पोचली असती, वावरापर्यंत नाही, हे मान्य. तरी कवडी निवडणाऱ्या बाया तिच्यात येण्याची शक्यता होती.

खर्चाची सबब पुरती पटत नाही, कारण मालाचा माग काढायला हाच उद्योग तयार असतो. गाठीवर क्रमांक असतो, धाग्याची लांबी आणि तलमपणा तपासून लिहिलेला असतो, क्यूआर कोडवरून गाठ कुठल्या जिनिंगची हे सांगणारी सरकारी योजनाही आली आहे. रुईचा तलमपणा विचारायला जी साखळी चालते, तिच्यातूनच मजुरी का विचारली जात नाही, याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नाही.

सीएसआरची बाजूही इथेच जोडलेली आहे. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारा किंवा नेहमीच्या धंद्याचा भाग असलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे गावातल्या बाईला शिलाई मशीन दिलं तर ते त्या पानांवर येतं, आणि त्यासाठी ती कंपनीला परकी असावी लागते. तीच बाई हिवाळाभर त्याच धंद्याचा कच्चा माल वेचत असेल, तरी फोटोखाली ‘महिला सक्षमीकरण’ एवढंच छापलं जातं.

शाश्वत कापसाच्या कार्यक्रमांत नोंद शेतकऱ्याची होते, आणि सातबारा बहुधा नवऱ्याच्या नावाचा असतो. अलीकडे त्यांतल्या काहींनी नवऱ्याबरोबर शेती कसणाऱ्या बाईला सहशेतकरी धरायला सुरुवात केली आहे. जिला वावरच नाही, त्या मजूर बाईला त्यातही रकाना मिळालेला नाही. तिचे किलो मात्र शेतकऱ्याच्या वहीत तारीखवार लिहिलेले आहेत.