कॅमेरा चोरीला जाण्याआधी सीरियल नंबर लिहून ठेवा
(आमच्या कॅमेऱ्याच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कॅमेरा चोरीला गेला की बरेच ग्राहक आम्हाला फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोबाइलसारखा हा ब्लॉक करता येतो का? येत नाही. मोबाइलला आयएमईआय क्रमांक असतो. तो सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर नोंदवला की देशातल्या नेटवर्कवर तो हँडसेट बंद करता येतो. कॅमेऱ्यात सिमकार्ड नसतं, त्यामुळे तो कुठल्याच नेटवर्कला दिसत नाही. चोराने नवं मेमरी कार्ड टाकलं की तो नेहमीसारखा फोटो काढतो. कॅमेरा तुमचाच आहे हे सांगणारी खूण म्हणजे त्याचा सीरियल नंबर.

पुढचा प्रश्नही ठरलेला: ‘नंबर तुमच्याकडे असेलच ना?’ सगळा खोळंबा इथून सुरू होतो.

आमच्याकडे घेतलेल्या वस्तूचा नंबर आम्ही बिलावर टाकतो. पण बिल कोणाच्या नावावर होतं हे ग्राहकाला आठवत नाही. कधी वडिलांच्या नावावर असतं, कधी स्टुडिओच्या, कधी मित्राच्या, कारण कार्ड त्याचं वापरलं होतं. साल आठवत नाही, फोन नंबर बदललेला असतो. २०१७ मध्ये जीएसटी आला त्याआधीची बिलं हाताने लिहिलेली आहेत, ती गठ्ठ्यांतून शोधावी लागतात. ग्राहक पोलीस ठाण्यात थांबलेला, आम्ही माळ्यावर, आणि काउंटरवर दुसरे ग्राहक ताटकळलेले. लेन्स दुसरीकडून किंवा परदेशातून आणलेली असेल तर तिचा नंबर आमच्याकडे असण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून विनंती, आजच एवढं करा. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, उलटी करा. नंबर बहुतेक वेळा तळाशी असतो, काही मॉडेलमध्ये बाहेर वळणाऱ्या स्क्रीनच्या मागे. लेन्सचा नंबर माउंटजवळ (लेन्स बॉडीला जोडते तिथे) किंवा नळीवर कोरलेला किंवा छापलेला असतो. फ्लॅशवरही असतो. प्रत्येकाचा जवळून, नंबर स्पष्ट वाचता येईल असा फोटो मोबाइलवर काढा, सोबत बिलाचाही काढा, आणि सगळे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. केवळ मोबाइलमध्ये ठेवू नका, कारण बॅगेबरोबर मोबाइलही जातो. वॉरंटी कार्ड आणि बिल कॅमेऱ्याच्या बॅगेतच ठेवायची सवय पुष्कळांना आहे. ती आजच मोडा.

कॅमेरा आधीच गेला असेल आणि खोका, बिल काहीच नसेल, तरी एक वाट उरते. कॅनन आणि निकॉनच्या बऱ्याच बॉडी प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये स्वतःचा नंबर लिहून ठेवतात. त्या कॅमेऱ्याने काढलेली मूळ फाइल, म्हणजे संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर कार्डातून जशीच्या तशी उतरवलेली, पेन ड्राइव्हवर आणा. आम्ही नंबर वाचून देऊ, पैसे घेत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला किंवा इन्स्टाग्रामवर चढवलेला फोटो चालणार नाही, त्यातली ही माहिती निघून गेलेली असते.

बॅग कुठे जाते

आमच्याकडे येणारे ग्राहक बहुतेक लग्नाचं काम करणारे आहेत, म्हणून मंगल कार्यालयाबद्दल सविस्तर सांगतो. बॅग जाते ती मंगलाष्टकांच्या वेळी किंवा पंगतीच्या वेळी. मंगलाष्टकं सुरू झाली की सगळ्यांचे डोळे अंतरपाटाकडे, तुमचेही. स्टेजच्या मागे किंवा खुर्चीखाली ठेवलेली बॅग उचलून चांगल्या कपड्यांतला माणूस शांतपणे बाहेर चालत जातो. वरपक्षाला तो वधूपक्षाचा वाटतो, वधूपक्षाला वरपक्षाचा. कोणी हटकत नाही.

वधूच्या खोलीत बॅग ठेवली की ती सुरक्षित, ही समजूत सोडा. त्या खोलीत दिवसभर येजा असते. बॅगेपाशी एक माणूस हवा आणि त्या दिवशी त्याचं काम तेवढंच. लाइट धरणाऱ्या असिस्टंटला बॅगही सांभाळायला सांगितली की दोन्ही कामं अर्धवट होतात. माणूस परवडत नसेल तर सायकलसाठी मिळते तशी नंबरवाली वायर बॅगेच्या पट्ट्यातून ओवून जड टेबलाच्या किंवा खांबाच्या पायाला अडकवा. चोर कुलूप उघडायला थांबत नाही, त्याला उचलून चालता येईल अशी बॅग हवी असते.

भरलेली मेमरी कार्डं बॅगेत ठेवू नका. कॅमेरा पुन्हा घेता येतो, कोणाच्या मुलीचं कन्यादान पुन्हा टिपता येत नाही. भरलेलं कार्ड शर्टाच्या आतल्या किंवा पँटच्या चेन असलेल्या खिशात ठेवा. बॉडीला दोन स्लॉट असतील तर दोन्हींत एकाच वेळी फोटो जातील असं सेटिंग करा आणि मध्यंतरात एक कार्ड काढून स्वतःजवळ घ्या. हे सेटिंग कसं करायचं ते दुकानात दाखवून देतो.

गाडीच्या बाबतीत एकच सांगणं. सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा लोणावळ्याच्या पॉइंटवर पोहोचल्यावर बॅग डिकीत ठेवू नका. पार्किंगवर नजर ठेवणारा नेमकं तेच पाहत असतो. निघतानाच, घरासमोर, डिकीत ठेवा आणि मुक्कामी पोहोचल्यावर डिकी उघडायची वेळ येऊ देऊ नका. ‘टायर पंक्चर आहे’, ‘गाडीखाली ऑइल गळतंय’, ‘तुमच्या नोटा पडल्यात’ असं कोणी काचेशी येऊन सांगितलं तर उतरण्याआधी बॅग खांद्यावर घ्या किंवा सगळे दरवाजे लॉक करा.

विसर्जन मिरवणूक, पालखी, लोकल यांसारख्या गर्दीत बॅग पाठीवर नको, पुढे घ्या. पट्टा गळ्यात अडकवण्याऐवजी तिरपा घ्या. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येतो तो कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेला पट्टा आम्ही बदलायला सांगतो. आत काय आहे ते तो दहा फुटांवरून सांगतो. नाव नसलेले साधे काळे पट्टे आणि साध्या कॉलेजच्या सॅकसारख्या दिसणाऱ्या, आत कप्पे असलेल्या बॅगा आम्ही मुद्दाम ठेवतो. दिसायला भारी नाहीत, पण कामाच्या आहेत.

एअरटॅगबद्दल, म्हणजे वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणाऱ्या ॲपलच्या छोट्या टॅगबद्दल, खूप विचारणा होते. उपयोग आहे, पण मर्यादित. तो आयफोन असणाऱ्यांसाठी आहे, अँड्रॉइडसाठी वेगळे टॅग मिळतात. अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते, आणि टॅग बॅगेत असेल तर चोर बॅग टाकून कॅमेरा घेऊन जातो. लावायचाच तर बाहेरच्या खिशात नको, आतल्या गादीखाली शिवून घ्या. नकाशावर ठिकाण दिसलं म्हणून एकटे तिथे जाऊ नका, पोलिसांना बरोबर घ्या.

चोरी झाल्यावर

११२ वर फोन करा, रेल्वेत असाल तर १३९ वर. मग लेखी फिर्याद द्या. इथे अनेकांची फसगत होते. घरबसल्या होतं म्हणून लोक पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘गहाळ’ची नोंद करून मोकळे होतात. ती नोंद हरवलेल्या वस्तूची असते. तो एफआयआर नव्हे आणि तिच्यावरून चोरीचा तपास सुरू होत नाही. विम्याचा दावा करायचा तर एफआयआर लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. फिर्यादीत ‘एक कॅमेरा, काळ्या रंगाचा’ असं लिहू नका. मॉडेल, बॉडीचा नंबर, प्रत्येक लेन्सचा नंबर वेगळा लिहा. माल सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि कोर्टाकडे अर्ज करून सोडवून घ्यावा लागतो. तिथे बिल आणि नंबर जुळले तर काम पुढे सरकतं.

विम्याबद्दल दोन शब्द. घराच्या पॉलिसीत धंद्याचा कॅमेरा बहुधा बसत नाही. रिकाम्या उभ्या गाडीतून झालेली चोरी अनेक पॉलिसींत वगळलेली असते, किंवा काच-कुलूप फोडल्याच्या खुणा मागतात. पॉलिसी घेण्याआधी हा मुद्दा वाचा.

आमच्या नियमांबद्दल

बिलाची प्रत आम्ही फोनवर कोणालाही देत नाही, ओळखपत्र पाहूनच देतो. काहींना राग येतो, पण तुमच्या कॅमेऱ्याचा नंबर उद्या दुसऱ्या कोणी फोन करून मागितला तर तो त्याला मिळू नये, हे तुमच्याच हिताचं आहे. भाड्याने देताना आणि परत घेताना प्रत्येक वस्तूचा नंबर तुमच्यासमोर ताडून पाहतो. त्यात थोडा वेळ जातो, गर्दीच्या मोसमात तर जास्तच. तरी तो नियम सैल करणार नाही. जुना कॅमेरा विकत घेताना बिल आणि ओळखपत्र मागतोच. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि बिनबिलाचा माल घेणारं दुकान असलं की चोरांना गिऱ्हाईक मिळतं. आमच्याकडचा जुना माल या तपासणीतून गेलेला असतो, म्हणून भाव थोडा जास्त वाटतो.

तुमचं सगळं सामान, कुठूनही घेतलेलं असो, घेऊन या. नंबरांची यादी छापून देतो, एक प्रत तुमच्या नावाने आमच्याकडे राहील. याचे पैसे नाहीत. लग्नाच्या मुहूर्तांच्या दिवसांत सकाळी येऊ नका, भाड्याच्या सामानाची देवघेव चालू असते. दुपारी तीननंतर या, आणि लेन्स घरी विसरू नका.