पिल्लाच्या स्वादुपिंडाला साखर कधी कळते?

नुकतंच जन्मलेलं उंदराचं पिल्लू तळहातावर घ्या. कातडी इतकी पातळ, की पोटातलं दूध बाहेरून पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. पिल्लू प्यायलंय की नाही, हे प्रयोगशाळेत त्या ठिपक्यावरूनच ओळखतात. जठराला लागूनच त्याचं इवलंसं स्वादुपिंड असतं आणि त्यात इन्सुलिन भरपूर तयार असतं.

या गोष्टीचा फायदा इन्सुलिनच्या शोधासाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगने 1921 साली करून घेतला. मोठ्या जनावराचं स्वादुपिंड वाटलं की त्यातली पाचक विकरंच इन्सुलिन खाऊन टाकतील, अशी त्याला भीती होती. गर्भात मात्र इन्सुलिन बनवणारी पेशींची बेटं आधी तयार होतात, पाचक विकरं मागून येतात. म्हणून त्याने कत्तलखान्यातून गाईच्या गर्भातल्या वासरांची स्वादुपिंडं मिळवली. त्यांचा अर्क कुत्र्यांना टोचल्यावर रक्तातली साखर उतरली!

पण इन्सुलिन असणं वेगळं आणि ते वेळेवर सोडणं वेगळं. मोठ्या उंदराच्या बीटा पेशी, म्हणजे त्या बेटांमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, साखर कमी असेल तेव्हा गप्प असतात, वाढली की इन्सुलिन सोडतात. पिल्लाच्या पेशींतून साखर कमी असतानाही इन्सुलिन झिरपत राहतं आणि साखर वाढवली तरी त्या फारशा हलत नाहीत. प्रौढ पेशीत साखर मोजण्याचं काम ग्लुकोकायनेज हे विकर करतं, आणि ते साखर बऱ्यापैकी वाढल्याशिवाय जोर धरत नाही. कोवळ्या पेशीत त्याच्या जोडीला असं विकर असतं, जे थोड्याशा साखरेवरही कामाला लागतं. मग कमी काय आणि जास्त काय, हा फरकच पुसट होतो.

या वयात बाकीचा कारभारही निराळाच असतो. भुकेचं घ्रेलिन आणि जठरातल्या आम्लाशी संबंधित गॅस्ट्रिन ही एरवी जठराची संप्रेरकं, पण कोवळ्या स्वादुपिंडात ती सापडतात. नवजात रॅटच्या स्वादुपिंडात तर टीआरएच हे मेंदूतलं संप्रेरकही भरपूर असतं. पुढे या सगळ्यांचं प्रमाण घसरत जातं.

साखरेबाबतचा हा ढिलेपणा मला दोष वाटत नाही. पिल्लाचं सारं खाणं म्हणजे आईचं दूध, आणि उंदरिणीच्या दुधात स्निग्धांशच जास्त. जेवणानंतर साखर झपकन चढण्याचा प्रसंगच कमी. तो येतो साधारण तीन आठवड्यांनी, दूध सुटून पिष्टमय दाणे सुरू होतात तेव्हा. बीटा पेशीही त्याच सुमाराला पक्व होतात.

हा निव्वळ योगायोग आहे का, हे पाहायला संशोधकांनी काही पिल्लांचं दूध तोडल्यावर त्यांना दाण्यांऐवजी दुधासारखाच स्निग्ध आहार दिला. वय तेच, पण त्यांच्या बीटा पेशींची पक्वता रखडली.